चार दिवसांचा व्हिडिओ ईईजी : आकडी थांबते कशी, हे दाखवणारी सेवा

माझ्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला नववीपासून आकडी येते. दोन औषधे चालू असूनही महिन्यातून दोन-तीनदा फिट येतच राहिल्याने, शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी दीर्घकालीन व्हिडिओ ईईजी (मेंदूतील विजेच्या लहरींची आणि रुग्णाच्या चित्रणाची एकत्र नोंद) करून घ्यावा, असे आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सुचवले आणि त्यासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात चार दिवस राहिलो. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

तपासणीची पद्धत थोडक्यात अशी की डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, वरून मुंडाशासारखे बँडेज गुंडाळतात, समोर कॅमेरा अहोरात्र चालू राहतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे हळूहळू कमी केली जातात, म्हणजे फिट यंत्राच्या साक्षीने येते. जी टळावी म्हणून इतकी वर्षे देवाला हात जोडले, ती आता लवकर येऊ दे म्हणून वाट पाहत बसणे किती विचित्र असते, हे त्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही.

तिसऱ्या रात्री, चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. मी बटण दाबले आणि परिचारिका धावत आल्या. त्यांनी भावाला कुशीवर वळवले, ऑक्सिजन लावला आणि घड्याळाकडे पाहत त्या शांतपणे उभ्या राहिल्या. आमच्या घरी अशा वेळी फोडलेला कांदा नाकाशी धरायचा आणि हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा रिवाज आहे. आईने पर्समधून कांदा काढलाही होता, पण परिचारिकांनी हातानेच नको म्हटले. नंतर आईने सांगितले की फिट सहा-सात मिनिटे चालली. नोंदीप्रमाणे ती एक मिनिट ३८ सेकंदांची होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवून ती नोंद पूर्ण दाखवली. या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच. सुरुवातीला उजव्या कानशिलाकडच्या तारांत एकसारख्या लहरी उमटतात, त्या पसरत जातात, मग शरीर ताठ होते आणि स्नायूंच्या विजेने आलेख काळाकुट्ट होऊन जातो. त्यानंतरचे हिसके प्रथम इतके दाट असतात की मोजता येत नाहीत. हळूहळू दोन हिसक्यांमधले अंतर वाढत जाते आणि शेवटीशेवटी एकेका हिसक्यासाठी सेकंदाहून अधिक थांबावे लागते. शेवटचा हिसका झाला की सगळ्या तारा जवळजवळ एकदमच सपाट होतात. भावाच्या बाबतीत ही सपाटी ४१ सेकंद टिकली आणि मग संथ, रुंद लहरी परतल्या. फिट एका कोपऱ्यात सुरू झाली होती, संपली मात्र सगळीकडे एकाच वेळी. असे पुष्कळदा दिसते, असे डॉक्टर म्हणाले.

ती थांबवली कोणी, असे मी विचारले. मेंदूतील पेशी थकतात म्हणून, हे जुने उत्तर आता अपुरे मानले जाते. फिटच्या काळात मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचते आणि ते पेशींना शांत करते. १९९२ मध्ये रुग्णांच्या हिपोकॅम्पसमध्ये (मेंदूतील स्मरणाशी निगडित भागात) प्रत्यक्ष मोजमाप करून ही वाढ दाखवली गेली आणि फिट संपल्यावरही ती काही वेळ टिकून होती. वाढलेली आम्लताही आवर घालते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मेंदूच्या विद्युत नोंदींवरून असे मांडले की, फिट संपण्याच्या सुमारास लहरींची गती मंदावते आणि मेंदू एका उंबरठ्यावरून दुसऱ्या अवस्थेत पडतो. ज्यांची फिट थांबतच नाही, त्यांचा मेंदू त्या उंबरठ्याजवळ पुन्हापुन्हा येऊनही तो ओलांडत नाही. बहुतेक फिट दोन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून श्रेय कांद्याला मिळते. आणि म्हणूनच झटक्यांची फिट पाच मिनिटांपुढे गेली तर आपोआप थांबण्याची वाट न पाहता नाकात मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा फवारा मारून रुग्णालय गाठायचे असते.

आता तक्रार. फिट संपल्यावर रुग्णाला एक वाक्य वाचायला देतात, कारण मेंदूच्या भाषा सांभाळणाऱ्या (बहुतेकांत डाव्या) बाजूची फिट असेल तर वाचा परतायला वेळ लागतो, नसेल तर ती लवकर येते. या कक्षातील वाचनाचा कागद इंग्रजी आणि हिंदीत होता. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अर्धवट शुद्धीत इंग्रजी वाक्यावर अडखळला, तर ते फिटमुळे की भाषेमुळे, हे कोण ठरवणार? मी हे बोलून दाखवताच तरुण तंत्रज्ञाने कुरकुर न करता कागदाच्या पाठीवर ‘आज बाजारात ताज्या भाज्या आल्या आहेत’ असे लिहिले. चौथ्या दुपारी आलेली लहान फिट पसरली नाही आणि ती संपल्यावर ३५ सेकंदांत भावाने ते वाक्य नीट वाचले. उजव्या बाजूच्या संशयाला त्याने पुष्टीच मिळाली.

दुसरी उणीव अहवालातली आहे. फिटच्या सुरुवातीवर पाऊण पान आणि शेवटावर ‘आपोआप थांबली’ एवढेच. पहिल्या फिटनंतर डाव्या हातात पेला धरता येत नव्हता, हा सुमारे वीस मिनिटांचा अशक्तपणा त्यात नव्हता, सपाटीचे ४१ सेकंदही नव्हते. फिटनंतरची अशी कमजोरी लंडनमधील डॉक्टर रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ मध्येच वर्णिली होती आणि फिटची बाजू ठरवायला ती आजही उपयोगी पडते. सपाटीच्या लांबीचा अपस्मारातील आकस्मिक मृत्यूशी संबंध आहे का, यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण म्हणून ती लिहूच नये असे होत नाही. मागणी केल्यावर दोन दिवसांत सुधारित अहवाल मिळाला.

एकंदरीत परिचारिकांना आणि पडद्यासमोर अर्धा तास देणाऱ्या डॉक्टरांना पैकीच्या पैकी गुण, अहवालाला निम्मे. जाणाऱ्यांनी केस तेल न लावता धुऊन जावे, पुढून बटणे असलेले सदरेच न्यावेत, मराठी वाक्याचा कागद स्वतःच घेऊन जावा आणि अहवाल घेताना फिट कशी संपली, त्याच्या ओळी त्यात आहेत की नाहीत, हे काउंटरवरच तपासावे.