आयकॉन बेस पास, जुने बूट आणि एप्रिलमधले चार डोंगर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

"पासचे पैसे वसूल झाले का?" हा प्रश्न मला नोव्हेंबरपासून सगळ्यांनी विचारलाय. आधी तोच हिशेब मांडते. आयकॉन म्हणजे एकाच पासवर मोसमभर अनेक स्की रिसॉर्टमध्ये जाऊ देणारा पास, आणि बेस हा त्यातला स्वस्त प्रकार. २०२४-२५ च्या मोसमासाठी आयकॉनचा बेस पास मी सुरुवातीच्या ८६९ डॉलर दराने घेतला. नोव्हेंबर ते एप्रिल मिळून त्यावर १८ दिवस स्की केलं, म्हणजे दिवसाला साधारण ४८ डॉलर पडले. इथे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये ऐनवेळी खिडकीवर तिकीट काढलं तर एका दिवसाचे दोनशेच्या वर जातात. वसूल झाले, हे उघड आहे.

पण पास घ्यावा असं मी ज्यांना सांगते, त्यांना या आकड्यासाठी सांगत नाही. त्याचं खरं कारण मला एप्रिलमध्ये कळलं, एकटीनेच पाच दिवसांत चार डोंगर केले तेव्हा. दोनशे डॉलरचं तिकीट खिशात असलं की माणूस सकाळी साडेआठच्या काचेसारख्या बर्फावरही उतरतो आणि दुपारी साडेतीनच्या चिखलातही. गुडघे दुखावतात ते याच दोन वेळांना. पास असला की दोन तास उत्तम स्की करून निघून जाता येतं, आणि काही वाया गेल्यासारखं वाटत नाही. वसंतातल्या स्कीइंगला ही मोकळीकच लागते.

माझी पातळी आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट तोलता येईल. वय ४१, स्कीचा तिसरा मोसम. निळे (मध्यम) उतार आरामात उतरते, काळे (अवघड) जपून. माहेर वाईचं, राहते डेन्व्हरजवळ. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईइतकं. त्यामुळे उंचीचा त्रास मला कमी झाला. मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून थेट येणाऱ्यांनी पहिले एक-दोन दिवस डेन्व्हरमध्ये काढावेत आणि पाणी भरपूर प्यावं. सगळे डोंगर नऊ हजार फुटांच्या वर आहेत. तिथे पहिल्या रात्री डोकं दुखतं, झोप लागत नाही. ते अंगावर काढू नये.

आता बर्फाचं घड्याळ. एप्रिलमध्ये दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री आभाळ निरभ्र असेल तर पुन्हा गोठतो. असं रोज होत राहिलं की त्याचे कण मोठे आणि गोलसर होतात. इथले लोक त्याला कॉर्न म्हणतात, पण मला तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा वाटतो. भिजायला वेळ कमी मिळाला तर कडक, नेमका मिळाला तर दाणा न् दाणा मोकळा, आणि जास्त झाला की सगळा गिचका. मोकळ्या साबुदाण्यावर स्की इतकी अलगद वळते की दोन मोसम शिकलेलं सगळं एकदम सोपं वाटतं. ही अवस्था एका उतारावर तासभर टिकते, फार तर दीड तास. म्हणून उन्हाच्या मागे फिरायचं. आधी पूर्वेकडे तोंड असलेले उतार, मग दक्षिणेकडचे, दुपारकडे पश्चिमेचे. उत्तरेकडचे उतार जास्त वेळ थंडीतले राहतात, त्यामुळे तिथे हिवाळ्यासारखा कोरडा बर्फही सापडतो. रात्र ढगाळ गेली तर उष्णता अडकून राहते आणि बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी सकाळपासूनच गिचका मिळतो. मी रोज रात्री दोनच गोष्टी बघायचे, किमान तापमान आणि ढग. उठायचं किती वाजता हे त्यावर ठरायचं.

रविवारी संध्याकाळी निघून बर्थूड खिंड ओलांडली आणि विंटर पार्कजवळ मुक्काम केला. खिंड ११,३०७ फुटांवर आहे आणि एप्रिलमध्येही तिथे बर्फ पडू शकतो. सोमवारी मेरी जेन. विंटर पार्क रिसॉर्टची ही बाजू मोगल्ससाठी प्रसिद्ध आहे. स्कीअर्सच्या वळणांनी उतारावर जे बर्फाचे उंचवटे तयार होतात, ते मोगल्स. जानेवारीत याच उंचवट्यांनी मला रडवलं होतं, दगडासारखे कडक होते. सोमवारी मी साडेदहापर्यंत गुळगुळीत केलेल्या उतारांवर थांबले. नंतर ऊन लागलेल्या बाजूला मोगल्सवर गेले, तर उंचवट्यांचे माथे मऊ झालेले. प्रत्येक माथ्यावर काठी टेकवून वळता येत होतं. एकच उतार मी सात वेळा केला. शिकायचं असेल तर एप्रिलमध्ये शिकावं, हे मी अगदी मनापासून सांगते. पडलं तरी लागत नाही, थंडीने बोटं बधिर होत नाहीत आणि कुणी मागून घाई करत नाही.

विंटर पार्कला जानेवारीत मी एकदा रेल्वेनेही गेले होते. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात अ‍ॅमट्रॅकची खास गाडी सुटते. १९२८ साली सुरू झालेल्या सव्वासहा मैलांच्या मोफॅट बोगद्यातून ती बाहेर पडते, तेव्हा समोर थेट स्कीचा उतारच असतो. गाडी चालवायची नसेल तर हा मार्ग लक्षात ठेवा.

सोमवारी संध्याकाळी परत खिंड चढून आय-७० महामार्गाला लागले आणि आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे फ्रिस्कोला गेले. पुढच्या चार रात्री तिथे जवळच्या एका हॉस्टेलमध्ये काढल्या. बायकांच्या खोलीत एक पलंग आणि सामायिक स्वयंपाकघर. या भागात हॉटेल घेतलं तर सगळं बजेट त्यातच जातं, हॉस्टेलने सहल शक्य केली. फ्रिस्को, ब्रेकेनरिज, सिल्व्हरथॉर्न, कॉपर या ठिकाणांमध्ये समिट स्टेज नावाची सरकारी बस फुकट धावते. कॉपरला दोन्ही दिवस मी बसनेच गेले, गाडी हलवलीच नाही.

एकट्या माणसासाठी कॉपर माउंटन मला चारांत सर्वांत सोयीचा वाटला. डोंगराची रचनाच अशी आहे की पश्चिमेकडे सोपे उतार, मध्ये मध्यम आणि पूर्वेकडे अवघड. चुकून भलत्या ठिकाणी पोचण्याची भीती कमी. मंगळवार छान गेला, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. बुधवारी मात्र एक धडा मिळाला. रात्री चार-पाच इंच ताजा बर्फ पडला होता. पहिला तास स्वर्ग! दहानंतर ढग फाटले, ऊन आलं आणि त्या ताज्या बर्फाचा अक्षरशः गोंद झाला. सपाट भागात स्की अचानक धरली जाते आणि अंग पुढे जातं. दोनदा तोल गेला. दुसऱ्यांदा उजव्या गुडघ्यात कळ आली, तशी मी थेट खाली उतरले आणि साडेअकराला बसमध्ये बसले. दिवसाचं तिकीट काढलं असतं तर मी थांबले असते, आणि गुरुवार-शुक्रवार कदाचित गमावले असते. त्या संध्याकाळी स्कीला उबदार तापमानाचं मेण (स्की सहज घसरावी म्हणून तळाला लावतात ते) लावलं. हे घरून निघतानाच करायला हवं होतं. एप्रिलमध्ये हिवाळ्याचं मेण ठेवू नका.

आता बुटांविषयी, कारण पैसे मर्यादित असतील तर पहिला खर्च बुटांवर करा असं माझं ठाम मत आहे. स्की भाड्याने चालतात, जॅकेट जुनं चालतं. बूट चुकीचे असतील तर काहीच चालत नाही. पहिल्या मोसमात एका दुकानाने पाय न मोजता, नुसता नंबर विचारून भाड्याचे बूट दिले होते. ते दीड नंबर मोठे निघाले. टाच वर उचलली जायची, मी पट्टे आवळायचे आणि पाऊल बधिर व्हायचं. वर्षभर मला वाटत राहिलं की मलाच जमत नाही.

हे बूट ऑक्टोबरमध्ये जुन्या सामानाच्या दुकानात १६० डॉलरना घेतले. माप २४.५ (स्कीच्या बुटांचं माप पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं), रुंदी १०० मिलिमीटर, कडकपणा ८०. घेताना आतलं लाइनर (मऊ अस्तर) काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घालून बघावा. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड सेंटिमीटरच्या आसपास जागा राहायला हवी. दोन बोटांहून जास्त जागा असेल तर बूट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. नंतर बूट बसवून देणाऱ्या कारागिराकडे ११० डॉलर गेले, तळव्याचा आधार आणि करंगळीजवळ कवच गरम करून थोडं फुगवणं यासाठी. बुटांच्या किमतीच्या मानाने हा खर्च जास्त वाटतो, पण पूर्ण मोसमातला सर्वांत चांगला खर्च हाच. बुटाचा तळ तुमच्या स्कीच्या बाइंडिंगला (बूट स्कीवर पकडून ठेवणाऱ्या कडीला) चालतो का हेही दुकानात तपासून घ्यावं. नव्या वळणदार तळाचे बूट प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये सुरक्षित बसत नाहीत, आणि पडल्यावर स्की सुटणं त्यावरच अवलंबून असतं.

सहा महिन्यांत काय बदललं? लाइनरचा फोम दबला. नोव्हेंबरमध्ये पहिल्या खाचेत घट्ट बसणारा पट्टा आता तिसऱ्या खाचेवर गेलाय आणि टाच किंचित हलते. थंडीत कडक असणारं प्लॅस्टिक एप्रिलच्या दुपारी मऊ पडतं. नडग्या पुढे जास्त झुकतात आणि वळणाला उशीर होतो. हे मी आधी थकवा समजत होते. लाइनर रोज रात्री काढून वाळवले तरच सकाळी पाय कोरडे राहतात, हॉस्टेलमध्ये मी ते पलंगाच्या दांड्याला टांगायचे. बूट थेट हीटरवर ठेवू नयेत, कवच वाकडं होतं.

गुरुवारी अ‍ॅरापाहो बेसिन. पायथाच १०,७८० फुटांवर, माथा १३,०५०. १९४६ पासून चालू आहे. इथला मोसम बहुतेक वर्षी जूनपर्यंत लांबतो, कारण उंची आणि उत्तरेकडचे उतार. आठवड्याचा मधला दिवस असल्याने पार्किंगसाठी आरक्षण लागलं नाही. लिफ्टच्या समोरच्या पार्किंगला इथे बीच म्हणतात. लोक खुर्च्या टाकून शेगड्या पेटवतात, कुत्री फिरत असतात. शेजारच्या गाडीतल्या आजी-आजोबांनी मला हाक मारून बोलावलं आणि भाजलेला मका दिला. मी त्यांना आईकडून आलेली शेंगदाण्याची चटणी दिली. आजोबांनी ती मक्याला लावून खाल्ली आणि आणखी मागितली. मी अकरा ते दीड एवढंच स्की केलं, पण एकटीने गेल्याचा आनंद सगळ्यात जास्त या दिवशी झाला.

शुक्रवारी लव्हलँड. हा डोंगर माझ्या पासवर नाही, तिकीट वेगळं काढलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. पार्किंग फुकट, गर्दी नाही, आणि वरच्या खोपटात स्वतःचा डबा खाता येतो. डब्यात कालच्या पोळ्यांचे रोल होते. नऊ नंबरची लिफ्ट सुमारे १२,७०० फुटांवर, खंडाच्या जलविभाजकाच्या कण्यावर सोडते. पश्चिमेकडे वितळलेलं पाणी कोलोरॅडो नदीत जातं, पूर्वेकडचं मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. महाबळेश्वरला लहानपणी आजोबांनी असंच दाखवलं होतं, इकडची कृष्णा, तिकडची सावित्री. त्या माथ्यावर मी वाऱ्यात बराच वेळ उभी राहिले. खाली कुठेतरी महामार्गाचा बोगदा डोंगराच्या पोटातून जात होता.

एकटीने जाण्याबद्दल आईने फोनवर तीनदा विचारलं, म्हणून माझे नियम इथेही लिहिते. रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडे जायचं नाही. वसंतात दुपारी ओल्या बर्फाचे थर सुटून खाली घसरतात, तिथे एकट्या माणसाला काही करता येत नाही. स्की पेट्रोलचा (डोंगरावरच्या बचाव पथकाचा) नंबर फोनमध्ये. नवऱ्याला सकाळी डोंगराचं नाव, दोन वाजता खाली उतरल्याचा मेसेज. सनस्क्रीन दर दोन तासांनी, नाकाच्या आणि हनुवटीच्या खालीसुद्धा, कारण बर्फावरून ऊन परत वर येतं. गाडीला बर्फाचे टायर. मॉरिसन ते डॉटसेरो या आय-७० च्या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे हा नियमच आहे की टायर तसे हवेत किंवा साखळ्या सोबत हव्यात. एकटं असण्याचा फायदाही आहे. लिफ्टला एकट्यांची वेगळी रांग असते आणि ती भराभर सरकते.

पास सोडून पाच दिवसांचा सगळा खर्च, राहणं, पेट्रोल, जेवण, लव्हलँडचं तिकीट धरून, साडेपाचशे डॉलरच्या आत बसला. वर्षाला पाच-सहा दिवसच जाणार असाल तर पास घेऊ नका, आधी काढलेली सुटी तिकिटं पुरतील. आणि घ्यायचा असेल तर वसंतातच ठरवा. पुढच्या हिवाळ्याचे पास मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत स्वस्त असतात, डिसेंबरात विक्री बंद होते.

मी पुढच्या वर्षीचा घेतलाय. बुटांचं कवच अजून दोन मोसम सहज जाईल, लाइनर मात्र ऑक्टोबरमध्ये बदलणार आहे. त्यासाठी दीडशे डॉलर बाजूला ठेवलेत.