आठ वर्षांच्या मुलीसाठी: फ्रेंड्सचा डबा, साधे ठोकळे की नटबोल्ट?

ठाण्यात राम मारुती रोडवर खेळण्यांच्या दुकानात शिरून ठोकळ्यांचा सेट मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा की मुलगी?’ वय नंतर विचारतात. मुलगी म्हटलं की जांभळा-गुलाबी डबा समोर येतो, आणि साधे रंगीत ठोकळे हवे असतील तर ते आपल्यालाच शोधावे लागतात.

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी तीन जातींची खेळणी जमली: लेगो फ्रेंड्स (बाहुल्यांसकट येणारे ठोकळ्यांचे सेट), लेगो क्लासिक (साधे रंगीत ठोकळे) आणि लोखंडी पट्ट्या-नटबोल्टांचा एक सेट. खेळणाऱ्या दोघी. लेक सहाची, भाची आठची, आणि भाची दर शनिवारी कळव्याहून येते. तुम्ही यातलं काही घ्यायच्या विचारात असाल तर मी पाहिलेलं सांगते.

फ्रेंड्सची मालिका २०१२ मध्ये आली. त्याआधी कंपनीने मुलींचा खेळ चार वर्षं अभ्यासला होता. त्यातून नेहमीच्या चौकोनी माणसाऐवजी जरा उंच, सडपातळ बाहुली आली. जुन्या माणसाचे दोन पाय वेगवेगळे हलतात आणि पंजे मनगटात फिरतात. या बाहुलीचे पाय एकत्रच पुढे येतात, मनगट फिरत नाही. ब्यूटी पार्लर आणि कॅफे पहिल्याच वर्षी आले म्हणून टीकाही भरपूर झाली. पण त्याच वर्षी ऑलिव्हिया नावाच्या बाहुलीची शोध लावायची कार्यशाळाही होती, ती कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. ठोकळे मात्र तेच, १९५८ पासूनच्या मापाचे. त्यामुळे ‘मुलींचं लेगो’ आणि ‘खरं लेगो’ एकमेकांत घट्ट बसतात. हे डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आमच्याकडे फ्रेंड्सचं घर एका दुपारीत उभं राहिलं. खरं तर अर्धंच. तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत येतात, आणि पहिल्या पिशवीतून स्वयंपाकघर तयार होताच लेकीने बाहुलीला चहा टाकायला लावलं. भाची पुस्तिकेचं पान धरून बसलेली, ‘अगं, छप्पर राहिलंय!’ पण छप्पर संध्याकाळपर्यंत थांबलं. ही आपली भातुकलीच. पुढे तीन आठवडे त्या घरात लग्नं झाली, पाहुणे आले, कुत्रा हरवला. मोडलं मात्र काहीच नाही. दोघींचं म्हणणं, ‘घर मोडायचं नाही, बाहुल्या राहतात तिथे.’ डबा बांधणीचा, पण बांधणी झाली एकदाच.

साध्या ठोकळ्यांचं उलटं. क्लासिकच्या मोठ्या डब्यात ७९० तुकडे असतात. वर आठ बटणं असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे नुसते एकमेकांना जोडायचे म्हटलं तरी ९१,५१,०३,७६५ प्रकार होतात, हे गणित मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण बनवू काय?’ एक भिंत झाली, एक केक झाला, डबा पलंगाखाली गेला. तुमच्या घरीही पहिल्या दिवशी हेच झालं तर ‘हिला बांधकामात रस नाही’ असा निकाल देऊ नका. तिच्या खेळाला आधी माणूस लागतो, मग त्या माणसाची अडचण, आणि मग भिंत.

हे मला कळलं ते अपघाताने. फ्रेंड्सच्या दोन बाहुल्या क्लासिकच्या डब्यात पडल्या आणि त्यांना ‘राहायला जागा नाही’ असं निघालं. मग जे सुरू झालं ते अस्सल घोडबंदर रोड होतं: पार्किंगवर सात मजले, गेटवर वॉचमनची केबिन, गच्चीवर टाकी, खाली टँकर. सातवा मजला तीनदा कोसळला. भाचीने खालचे ठोकळे विटांसारखे सांधा चुकवून लावले, तेव्हा टिकला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

नटबोल्टांचा सेट सगळ्यात उशिरा रुळला. सहा वर्षांच्या बोटांना नट धरून पाना फिरवणं जमत नाही. लेक चिडून उठली, त्यात तिची चूक नव्हती. आठच्या आत हा सेट घेऊ नका. घेतलात तर शेजारी तुम्हाला बसावं लागेल, आणि ‘दे इकडे, मी करतो’ म्हणणाऱ्या मोठ्या भावाला दूर ठेवावं लागेल. दिवाळीत आमच्या सोसायटीतला किल्ला बघते मी दर वर्षी. माती कालवायला, बुरूज रचायला मुलं, आणि मुलींच्या हातात अळीव पेरायला वाटी. त्या कामवाटणीत गुलाबी डब्याचा काही हात नाही.

पैशांचं थोडक्यात. आयात खेळण्यांवरची सीमाशुल्काची मूळ टक्केवारी २०२० मध्ये २० वरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. परदेशी ठोकळे महाग वाटतात त्यात याचाही वाटा आहे. देशी लोखंडी सेट त्यामानाने स्वस्तात येतो. सुट्या ठोकळ्यांची बिननावाची पिशवी मी एकदा घेतली. काही इतके सैल की बिछान्याला धक्का लागला तरी इमारत खाली, काही दातांनी काढावे लागले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघूनच घ्या.

मला आज एकच खरेदी करायची असती तर साध्या ठोकळ्यांचा मधला डबा आणि फ्रेंड्सचा सगळ्यात लहान सेट, निव्वळ बाहुल्यांसाठी. फ्रेंड्सचं मोठं घर घेतलं नसतं. मुलगी नऊ-दहाची असेल आणि घरातला स्क्रूड्रायव्हर तिच्याकडून परत मागावा लागत असेल, तर सरळ नटबोल्ट.

आणि यातलं काहीच घ्यायच्या आधी काही रुपयांचा एक प्रयोग करून बघा. सायकलच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) आणा, तुकडे करा, त्यात काडेपेटीच्या काड्या खोचा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ही जुनी युक्ती. आमच्या भाचीने चौकोन केला, तो डुगडुगला. त्रिकोण केला, तो हलेना. ‘म्हणजे माझी नटबोल्टांची क्रेन त्यामुळेच वाकते,’ म्हणाली, आणि काड्या तशाच टाकून नटबोल्टांचा डबा काढायला गेली. क्रेनला तिरकी पट्टी लागल्यावर बाहुल्यांचा फ्रिज सातव्या मजल्यावर चढला. लिफ्ट बंद होती म्हणे.