आईचा पैसा कोणाच्या हाती? पासबुक, यूपीआय की मुलाच्या खात्यावरचं सर्कल

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये आई तीस रुपयांची मेथी घेते आणि पाचशेची नोट पुढे करते. भाजीवाली म्हणते, "बा, छुट्टा नथी, स्कॅन करी दो ने." आई मेथी परत ठेवते. हे तीनदा पाहिल्यावर मी तिला स्मार्टफोन घ्यायचं ठरवलं.

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मेसेज आला, 'गॅसचं बिल थकलं आहे, आज रात्री जोडणी तोडू.' सोबत एक फाइल होती. काकांनी ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत पेन्शनचं खातं रिकामं झालं. पुण्याहून भाऊ म्हणाला, "स्मार्टफोन नकोच. मी आहे ना पैसे द्यायला." यावरून आमची चांगलीच जुंपली. तुमच्याही घरी हा वाद चालू असेल, तर आम्ही काय काय ताडून पाहिलं ते सांगते.

पहिला पर्याय, आहे तेच चालू ठेवायचं. 1908 साली सयाजीराव महाराजांनी ज्या गावात बँक ऑफ बडोदा काढली, तिथल्या जुन्या माणसांचा शाखेवरचा विश्वास सहज हलत नाही. आई तर बँकेत जायचं म्हणजे ठेवणीतली साडी नेसते. या पद्धतीची ताकद म्हणजे काउंटरपलीकडचा माणूस. मोठी रक्कम काढायला गेलं तर तो विचारतो, "काकी, एवढे कशाला?" पण एवढ्यावर विसंबू नका. 'डिजिटल अरेस्ट'च्या प्रकारात, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर अटकेची धमकी दिली जाते तेव्हा, घाबरलेली माणसं स्वतःच शाखेत जाऊन, मुलीच्या लग्नाचं वगैरे कारण सांगून आरटीजीएसने मोठी रक्कम चोराच्या खात्यात पाठवून आली आहेत. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात मुळीच नाही, हे घरात पुन्हा पुन्हा बोलायला हवं. बाकी रोखीची अडचण उघड आहे. मे महिन्यातली दुपार, बंद पडलेलं एटीएम आणि सुट्टे.

दुसरा पर्याय, आईच्या स्वतःच्या फोनवर यूपीआय. बाजाराचा प्रश्न इथे लगेच सुटतो, आणि 'यूपीआय लाइट' चालू केलं तर जास्तच. त्यात जास्तीत जास्त 5,000 रुपये ठेवता येतात आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. गर्दीत चष्मा शोधत पिन दाबायला नको आणि मागचा माणूस तो पाहील ही धास्तीही नको. नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. 2021 पासून ती सोय आहे.

धोका खरा आहे, पण तो नेमका कुठे आहे ते समजून घ्या. काकांच्या फोनमध्ये शिरलेलं ॲप त्यांचे एसएमएस वाचत होतं, म्हणजे ओटीपी थेट चोराकडे जात होता. पेन्शनचं खातं, आधार आणि यूपीआय, सगळं एकाच नंबरावर होतं. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसरीकडची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून सायबर फसवणुकीची तक्रार करायचा 1930 हा नंबर आईच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. सोबत एक ओळ आहे: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही.

तिसरा पर्याय भावाचा, 'यूपीआय सर्कल'. 2024 मध्ये ही सोय आली. खातं मुलाचं, फोन आईचा. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत आई खर्च करू शकते. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक वेळी मुलाने स्वतःचा पिन टाकून मंजुरी द्यायची. सुरक्षिततेत याला तोड नाही, कारण आईचं खातं त्यात येतच नाही. पण अर्ध्या मुभेत मुलगा मीटिंगमध्ये असेल तर आई भाजीवालीपुढे ताटकळत उभी. आणि पूर्ण मुभेतही प्रत्येक खर्च मुलाला दिसतो. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मंदिरात किती टाकले तेही त्याला कळणार?" बाबांच्या मागे तिला स्वतःचं फॅमिली पेन्शन मिळतं. आयुष्यभर घरखर्च तिने सांभाळला. तिचा पैसा शाबूत राहावा म्हणून तिला रोज दुसऱ्याच्या पैशावर जगायला लावणं मला पटत नाही. भावावर माझा राग नाही, त्याला काळजी आहे. पण काळजीपोटी आपण आईबाबांचा हात हळूहळू त्यांच्याच पैशावरून काढून घेतो, आणि ते तक्रार करत नाहीत म्हणून आपल्याला ते कळतही नाही.

चौथाही मार्ग आहे, बटणांच्या फोनवरचं '123 पे', मार्च 2022 पासूनचं. एका वेळची मर्यादा 10,000 रुपये. फोन लावून आवाजी सूचनांप्रमाणे आकडे दाबायचे असतात. वीजबिलाला ठीक, पण बाजारात उभं राहून जमत नाही. आईने दोनदा करून सोडून दिलं.

शेवटी आम्ही दोन फोन ठेवले. जुना बटणांचा फोन घरीच असतो. पेन्शनचं खातं, मुदतठेवी आणि आधार त्याच नंबराला जोडलेले आहेत, म्हणजे ओटीपी तिथेच येतो आणि तिथे कुठली फाइल उघडत नाही. स्मार्टफोनला दुसरा नंबर, दुसऱ्या बँकेतलं छोटं खातं, आणि त्यात दर पाच तारखेला पेन्शनमधून 6,000 रुपये. पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात कुलपात. स्मार्टफोन गेला किंवा फसवलं, तर त्या महिन्याचा भाजी-औषधाचा खर्च जाईल, बाबांची ठेव जाणार नाही. कोणी बटणांच्या फोनवर बोलून ओटीपी काढून घेतला तर मात्र ही भिंत पडते. त्यावर इलाज एकच, दर आठवड्याला त्या विषयावर गप्पा. दोन नंबरांचे रिचार्जही लक्षात ठेवावे लागतात. ते काम भावाने घेतलं आहे.

एका परिस्थितीत मात्र मी भावाचा पर्याय आधी निवडेन. आईबाबा तेच पैसे दोनदा देऊ लागले, दूधवाल्याचा हिशेब विसरू लागले, तर दोन फोनांचा घोळ त्यांना झेपणार नाही. अशा वेळी सर्कलची पूर्ण मुभा द्या, महिन्याची मर्यादा त्यांच्याशी बोलून ठरवा आणि मंदिरासाठी थोडी रोख वेगळी हातात ठेवा, जिचा हिशेब कोणी विचारणार नाही.