अलेप्पोची मिरची: काही महिने वापरल्यानंतर

बर्लिनच्या झोनेनआलेवर सीरियन वाणसामानाची बरीच दुकानं आहेत. तिथून आणलेली, सीरियातल्या अलेप्पो शहराच्या नावाने विकली जाणारी भरड मिरची गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडे रोजच्या वापरात आहे. तिखटपणा बेताचा, साधारण ब्याडगीसारखा. पण हिला फळासारखी आंबटगोड चव आहे, आणि पैसे त्या चवीचे मोजायचे.

मिरची अर्धवट वाळवून, बिया काढून भरड कुटतात आणि मीठ-तेलाचा हात लावतात. त्यामुळे चुरा ओलसर, गडद लाल असतो. पदार्थात मीठ घालताना हे लक्षात ठेवा. आपल्या कडकडीत फोडणीत मात्र ही घालू नका, लगेच काळवंडते आणि कडू होते. मसुराच्या सूपसाठी ऑलिव्ह तेल कोमट करायचं, गॅस बंद करायचा, मग मिरची घालायची. लाल तेल सूपवर सोडलं की बाकी काही लागत नाही. मीठ घातलेल्या चक्क्यावरही हेच तेल घालते. तिकडचं लबने म्हणजे तोच प्रकार.

खरी कसोटी मुहम्मराची. अलेप्पोची ही चटणी आमच्याकडे आता आठवड्याला होते. ३ लाल ढोबळ्या मिरच्या आचेवर साल काळी होईपर्यंत भाजून सोलायच्या. वाटीभर अक्रोड, मूठभर पावाचा चुरा, थोडं जिरं, २ चमचे ही मिरची आणि २ चमचे डाळिंबाचा आटवलेला रस घालून भरड वाटायचं. अगदी गुळगुळीत केलं तर अक्रोडाची मजा जाते. वरून सढळ हाताने ऑलिव्ह तेल. डाळिंबाचा रस घेताना लेबल वाचाच, स्वस्त बाटल्यांत बहुतेक साखर आणि सायट्रिक ॲसिड असतं.

एक तक्रार आहे. २०१२ ते २०१६ अलेप्पोत लढाई चालली, आसपासची शेती विस्कटली. आज या नावाने मिळणारी बरीच मिरची तुर्कस्तानात पिकते. माझ्या पाकिटावर तसं लिहिलं आहे, पण मागे, बारीक अक्षरांत. मिरची उत्तमच आहे, तरी पीक कुठलं ते समोर लिहायला हवं. ज्यांची शेतं गेली त्यांच्या गावाचं नाव विकताना एवढं तरी करावं.

पाकीट लहानच घ्या. उघडल्यावर बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या मिरचीचा रंग उतरतो आणि तेलाला खवट वास येतो.