कहलगावची सोंस-फेरी: वल्ह्यांची नाव घ्या, इंजिनाची नको

बिहारमध्ये कहलगावला गंगेतले डॉल्फिन बघायला जाणार असाल तर वल्ह्यांची नाव मागा, इंजिनाची असेल तर सरळ नाही म्हणा आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत पाण्यात असा. एवढंच वाचून थांबलात तरी तुमची फेरी चांगली होईल. मी पशुवैद्य आहे. गाई-म्हशींच्या अंगावरून हात फिरवून त्यांची तब्येत सांगण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. ज्या जनावराला हात लावता येत नाही आणि जे धड दिसतही नाही, त्याची तब्येत कशी बघायची, हे मला तिथे जाऊन समजून घ्यायचं होतं. त्यामुळे या परीक्षणात निसर्गसौंदर्य कमी आणि तपासणी जास्त आहे.

सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा साधारण ६० किलोमीटरचा पट्टा म्हणजे विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य. ते १९९१ मध्ये जाहीर झालं. कहलगावला नदीच्या मधोमध खडकांची बेटं आहेत. प्रवाह त्यांच्यावर आपटतो, मागे वळतो, भोवरे आणि खोल डोह तयार होतात. तिथे मासे जमतात आणि माशांमागे सोंस येतात. बिहारमध्ये सगळे गंगेतल्या डॉल्फिनना सोंसच म्हणतात.

आधी इंजिनाच्या नावेबद्दल. आदल्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण एका डिझेल इंजिनाच्या नावेत बसलो. कुठे पाठ दिसली की नावाडी नाव तिकडे वळवायचा, मंडळी मोबाईल घेऊन त्या कडेला धावायची, नाव कलायची. आम्ही पोचेपर्यंत तिथे फक्त पाणी. गांगेय डॉल्फिनच्या डोळ्याला भिंगच नसतं, उजेड-अंधार एवढंच त्याला कळतं. बाकी सगळं जग तो आवाजावर जगतो. सतत टिकटिक आवाज सोडायचा, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, जाळं कुठे, तळ किती खोल हे ओळखायचं. हा आवाज आपल्या कानाच्या टप्प्याबाहेरचा, पण त्याचा सगळा संसार त्यावर चालतो. गंगेत बोटींच्या आवाजाचा आणि उथळ पाण्याचा या प्राण्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाजामुळे त्यांच्या शरीरावरचा ताण वाढतो, ऊर्जा जास्त खर्च होते आणि पाणी उथळ असेल तर हे अधिकच जाणवतं, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे डॉल्फिन दाखवण्यासाठीच काढलेली ती नाव त्यांना त्रास देत फिरत होती. मला मनापासून वाईट वाटलं. या फेरीला पाचपैकी एक तारा, तोही नावाड्याच्या पोटापाण्याचा विचार करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावरच्या एका मासेमार कुटुंबाची वल्ह्यांची नाव घेतली. नावाडीकाका साठीच्या आसपासचे, सोबत त्यांचा पुतण्या. बेटाच्या आडोशाला त्यांनी नाव नेली, दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडला आणि म्हणाले, "दीदी, आता बोलू नका." पाठलाग नाही, इकडेतिकडे फिरणं नाही. आपण एका जागी थांबायचं आणि सोंस आपल्या कामात असतात ते बघायचं.

पहिल्यांदा आवाज येतो. जोरात, थोडा ओला, नाक शिंकरल्यासारखा उच्छ्वास. तोवर राखाडी पाठ पाण्याबाहेर येऊन गेलेलीही असते. सगळा खेळ एका सेकंदाचा. मी घड्याळ लावून दोन श्वासांमधलं अंतर वहीत टिपत होते. मिनिट, दीड मिनिट, कधी दोन मिनिटं. निवांत शिकार करणारं जनावर असं लयीत श्वास घेतं. तेवढ्यात दूरून वाळूची एक मोठी बोट गेली आणि लय मोडली. बराच वेळ कुणी वर आलं नाही. नंतर आवाज आला तो खूप लांबून, पलीकडच्या काठाकडून. गोठ्यातही मी आधी श्वासच बघते, त्यामुळे हे मला फार ओळखीचं वाटलं.

अंगकाठी बघणं मात्र अवघड. समुद्रातले डॉल्फिन उपाशी असले की डोक्यामागची चरबी झडते आणि तिथे खळगा पडतो. ही खूण पशुवैद्य फोटोवरूनही ओळखतात. पण गांगेय डॉल्फिनची मान मुळातच वेगळी दिसते, ती सगळीकडे वळतेही. त्यामुळे तिथला खोलगटपणा बघून लगेच "हाडकुळा" म्हणता येत नाही. मी कण्याच्या दोन्ही बाजू बघत होते, मांस भरलेलं आहे की कणा वर आलाय. जवळून गेलेल्या एका मादीची पाठ छान गोल होती. मादी कशावरून, तर चोचीसारखा तिचा जबडा लांब होता, टोकाला किंचित वर वळलेला. नरांचा आखूड असतो. तिच्या मागोमाग एक छोटी चोच तिरकी वर आली आणि काकांनी नुसतं बोटाने दाखवलं. पिल्लू! नदीच्या तब्येतीचा याहून चांगला दाखला मी तरी मागणार नाही.

आणखी एक जण दिसला, त्याच्या जबड्याच्या मुळाशी पांढरट आडवा वण. नायलॉनच्या जाळ्याचा, काका म्हणाले. लांब जबड्यात बारीक दातांच्या रांगा, त्यात जाळं अडकलं की सुटत नाही. श्वास घ्यायला वर येता आलं नाही की जनावर गुदमरून मरतं. काही मासे पकडायला सोंसाचं तेल आमिष म्हणून वापरायची जुनी पद्धत होती, त्याबद्दलही मी विचारलं. काकांनी टाळलं नाही, त्यांच्या वडिलांच्या वेळी चालायचं, म्हणाले. पाटण्याचे प्राध्यापक आर. के. सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेल्या तेलाचा पर्याय शोधला होता. मासेमाराला उपदेश न करता त्याच्या हातात दुसरं काहीतरी देणारं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

नावेतून जे कळतं त्याला अर्थात मर्यादा आहेत. शरीरात काय साठलंय ते पाठ बघून समजत नाही. गंगेत मेलेल्या डॉल्फिनच्या चरबीत डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही कारखान्यांत वापरली जाणारी विषारी रसायनं सापडलेली आहेत. रक्त तपासायचं तर जिवंत जनावर पकडावं लागतं आणि पकडणं हाच त्याच्यासाठी मोठा धोका. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये आसाममध्ये पशुवैद्यांच्या देखरेखीखाली एका निरोगी नराला उपग्रहाशी जोडलेला टॅग लावून सोडलं, ही मोठी गोष्ट होती. गांगेय डॉल्फिनला असा टॅग लावण्याची ती पहिलीच वेळ. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत नदीतल्या डॉल्फिनचा आकडा ६,३२७ आला, त्यात बिहारचे २,२२०. आकडा ऐकून बरं वाटतं. पण कळपात किती जनावरं आहेत आणि ती कशी आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्राझीलमध्ये टेफे सरोवरात २०२३ च्या दुष्काळात पाणी इतकं तापलं की काही आठवड्यांत दोनशेहून जास्त डॉल्फिन मेले. गणनेत सगळं ठीक दिसत असताना असं होऊ शकतं. रोज नदीवर असणारे काकांसारखे लोक श्वासाचा, वणांचा, पिल्लांचा हिशेब ठेवू लागले तर तज्ज्ञांना वेळेत कळेल, असं मला वाटतं. त्यासाठी त्यांना थोडं प्रशिक्षण आणि नियमित मोबदला मिळायला हवा. आता फेरीच्या पैशांवर ते अवघड आहे.

वल्ह्यांच्या नावेला पाचपैकी चार तारे. एक कापला तो लाइफ जॅकेटसाठी. आमच्या नावेत एकही नव्हतं आणि बेटांजवळचे भोवरे चांगलेच ओढ घेतात. पोहता येत असलं तरी जॅकेट मिळाल्याशिवाय बसू नका, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. सगळ्यांनी मागितलं तर घाटावर ती येतील.

भाडं तासावर ठरतं, बसण्याआधीच बोलून घ्या आणि घासाघीस फार करू नका. तासाभराने काही होत नाही, निदान दोन तासांसाठी घ्या. नोव्हेंबर ते मार्च बरा काळ, तेव्हा पिल्लंही दिसतात. धुकं असेल तर उशिरा निघा. घाटावर स्वच्छतागृह मला दिसलं नाही, बायकांनी हे धरूनच निघावं. कॅमेऱ्याची मोठी लेन्स घरी ठेवली तरी चालेल, एका सेकंदात ती रोखून होत नाही. साधी दुर्बीण, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि वही मात्र बरोबर असू द्या.