टॉर्क रेंचची ‘टिक्’ ऐकली आणि मी फसलो

स्पीडब्रेकरवरून जाताना गाडीच्या पुढच्या बाजूने ठक् ठक् आवाज यायला लागला होता. एका मोठ्या, नीटनेटक्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. दोन्ही लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बुश, म्हणजे त्यांच्या सांध्यातले रबरी तुकडे, गेलेत, असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. एस्टिमेटमध्ये दोन लोअर आर्म, नवे बोल्ट-नट आणि ‘टॉर्क टायटनिंग’ची, म्हणजे पिळण्याचा जोर मोजून बोल्ट आवळण्याची, वेगळी मजुरी लिहिलेली होती. ही शेवटची ओळ वाचून मी निर्धास्त झालो. सस्पेन्शनचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नसतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं, आणि नेमकं तिथेच मला गंडवलं गेलं.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा ती लिफ्टवरच होती. सुपरवायझर म्हणाले, “साहेब, मुद्दाम थांबलोय. शेवटचं काम तुमच्या डोळ्यांसमोर करतो.” पेटीतून चकचकीत टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टिक्’ वाजणारा पाना, काढला, दांड्यावरचा आकडा मला वाचायला लावला आणि एकेका बोल्टला सॉकेट लावत गेले. टिक्. टिक्. टिक्. प्रत्येक टिक् झाली की बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ. मी मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला, कारण इतकं चोख काम मी कधी पाहिलं नव्हतं. पैसे दिले, आभार मानले आणि निघालो.

तीन महिन्यांत आवाज परत आला. या वेळी ब्रेक दाबला की धप्प असा एक ठोका बसायचा आणि स्टीअरिंग किंचित डावीकडे ओढायचं. परत त्याच गॅरेजमध्ये गेलो तर उत्तर मिळालं, “रस्ते खराब आहेत, साहेब.” मग ओळखीतून एका जुन्या, अनुभवी मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. त्यांनी खालून बॅटरीचा उजेड मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी बसवलेल्या नव्या आर्मच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून फाटून सुटलं होतं. काकांनी पहिला प्रश्न विचारला, “हे आवळलं तेव्हा गाडी जमिनीवर होती की लिफ्टवर?”

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, “बोल्टकडे बघू नका. पान्याच्या दांड्याकडे बघा. तो हलतोय का?”

हलत नव्हता. एकाही बोल्टवर दांडा जरासुद्धा फिरत नव्हता. सॉकेट बसलं, हाताचा जोर आला, लगेच टिक्. आणि व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला, सुपरवायझर पेटी उघडत असताना, माझ्याच गाडीखालून एअर गनचा, म्हणजे हवेच्या दाबाने बोल्ट आवळणाऱ्या यंत्राचा, कर्रर्र आवाज ऐकू येतो. इतके दिवस हा पुरावा माझ्याच खिशात होता आणि मला तो वाचता येत नव्हता.

हे नीट समजून घ्या. टॉर्क रेंचची टिक् म्हणजे बोल्टवर ठरवलेला जोर पोहोचला, एवढाच निरोप. बोल्ट आधीच त्याच्या दुप्पट आवळलेला असेल, तरीही टिक् तशीच वाजते, उलट लगेच वाजते. किमान किती, हे ती सांगते. जास्तीत जास्त किती, हे तिला कळूच शकत नाही. म्हणून गनने ठासून आवळलेल्या बोल्टवर टॉर्क रेंच लावून आवाज ऐकवणं ही तपासणी नसून देखावा असतो. खऱ्या कामात बोल्ट आधी हाताने किंवा साध्या पान्याने बसवून घेतात, मग रेंचचा दांडा सलग, सावकाश ओढतात. बोल्ट थोडा फिरतो, आणि फिरता फिरता टिक् येते. जास्त आवळल्याची शंका असेल तर बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून आवळावा लागतो.

जास्त आवळलं तर बिघडलं कुठे, असं मलाही वाटलं होतं. बोल्ट हा खरं तर एक कडक स्प्रिंग आहे. आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. आपण लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. प्रत्यक्ष दाबून धरायला जेमतेम १० टक्के उरतो. त्यामुळे आटे गंजलेले किंवा तेलकट असले, तर तोच आकडा लावूनही ताण पार वेगळा येतो. गनच्या धक्क्यांत तर आकडाच हातात राहत नाही. ताण कमी पडला की जोड हलायला लागतो आणि भोकं झिजतात. प्रमाणाबाहेर गेला की बोल्ट कायमचा लांबतो, मूळ लांबीवर परत येत नाही.

शिवाय माझ्या गाडीच्या या बोल्टना आधी ठरावीक टॉर्क आणि वर ९० अंश फिरवणं, असं दोन टप्प्यांत आवळायचं असतं, हे काकांनी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलं. म्हणजे नुसत्या ‘टिक्’वर ते काम पूर्ण होणं शक्यच नव्हतं. असे बोल्ट एकदाच वापरायचे, असंही तिथे स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी बोल्ट काढले, तेव्हा एकाला पान्यावर लांब पाइप चढवावा लागला. बोल्टच्या दांड्यावर गंजाचे खड्डे होते, जुन्या बुशच्या लांबीचा डाग होता. तीन महिन्यांत असे खड्डे पडत नाहीत. वायर ब्रशने डोकं घासून, वर पिवळी रेघ ओढून, जुनेच बोल्ट ‘नवे’ म्हणून बिलात लावले होते. काकांनी एक नवा कोरा नट त्यावर हाताने फिरवला. तो काही आटे सहज गेला आणि मधेच अडकला. तिथे बोल्ट ताणून आटे लांबले होते. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. याच बोल्टच्या भरवशावर मी घरच्यांना घेऊन रात्रीचा हायवे केला होता.

आता बुश का फाटला ते. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही; आर्म वरखाली झाला की पिळवटतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला, तर रबराची विश्रांतीची जागा त्या लोंबत्या कोनात अडकते. गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतही ते सतत पिळलेलं राहतं, आणि खड्ड्यात आर्म वर उचलला की आणखी पिळतं. म्हणून हे बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवायचे, मग गाडी जमिनीवर किंवा आर्मखाली जॅक देऊन नेहमीच्या उंचीवर आणायची, आणि शेवटी आवळायचं. माझ्या व्हिडिओत चाकं लोंबताना स्वच्छ दिसतात.

तुम्ही कुठेही सस्पेन्शनचं काम करायला टाकलंत तर शेवटची टिक् बघायला जाऊ नका, त्याआधी जा. जुने बोल्ट, नट, बुश परत मागा, आणि हे काम सुरू होण्याआधी सांगा. नव्या बोल्टचे फोटो बसवण्यापूर्वी घ्या. आकडा दाखवला तर तो कोणत्या मापाचा ते विचारा. १०० फूट-पाउंड म्हणजे जवळपास १३६ न्यूटन-मीटर, आणि या गोंधळातही बोल्ट जातात. पेंटची रेघ बोल्ट नंतर फिरला का ते ओळखायला उपयोगी असते. किती आवळलाय याचा तो पुरावा नाही. स्वतःचा टॉर्क रेंच असेल तर त्याने बोल्ट सोडवू नका, आणि काम झालं की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

काकांनी आर्म आणि बोल्ट नवे घातले, गाडी खाली घेतली, खाली वाकून टॉर्क दिला, वर ९० अंश खुणेने मोजून फिरवले. मग अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवले. ठोका गेला, ओढणंही गेलं.

पहिल्या गॅरेजमध्ये मी फाटका बुश, अडकणारा नट आणि व्हिडिओ घेऊन गेलो. सुपरवायझर म्हणाले, “टिक् तर तुम्ही स्वतः ऐकलीत ना?” अर्धा तास बोलणं झाल्यावर बोल्टचे पैसे परत दिले. आर्मचे आणि मजुरीचे दिले नाहीत. लेखी तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही. जुने बोल्ट मी कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवले आहेत.