न्यू जर्सी की टेक्सास? दोन्ही वापरून झाल्यावर

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये 11 वर्षं काढली, जानेवारी 2021पासून टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आहोत. दोन्हीकडे भाडं भरलं, दोन्हीकडे घराचे हप्ते भरले. त्यामुळे "टेक्सासला या, टॅक्सच नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, घर घेतलंत का?

इन्कम टॅक्स राज्याचा नाही, हे खरं. जर्सीत आमच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर 6.37 टक्के जायचे. ते वाचले तेव्हा नवऱ्याने पहिल्या पे-स्लिपचा फोटो एडिसनला धाकट्या दिरांना पाठवला होता. मग घर घेतलं आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं. तो फोटो मात्र कुणाला पाठवला नाही. जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशभर बदनाम, सरासरी बिलच वर्षाला 10 हजार डॉलरच्या घरात. आमचं इथलं बिल त्याहून फार खाली नाही. फक्त घर दीडपट मोठं आहे, आणि स्वयंपाकघरात दोन बायका एकमेकींना न धडकता वावरू शकतात. टोल, दुसरी गाडी आणि ऑगस्टमधलं एसीचं बिल धरलं, तर येताना कागदावर मांडलेल्या बचतीतली निम्मीच हाती लागते. निम्मी तरी लागते, हेही सांगायला हवं.

आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बर्फाचं वादळ झालं. जर्सीवाल्यांना बर्फाचं काय कौतुक! फावडं मारायचं, मीठ टाकायचं, कामाला लागायचं. इथे बर्फ थोडाच होता, पण वीज गेली ती गेलीच. टेक्सासची ग्रिड बहुतांशी स्वतंत्र, शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज ओढता येईना. शेजारीण दार वाजवून सांगून गेली, "नळ थेंबथेंब चालू ठेवा, नाहीतर पाइप फुटतील." त्या रात्री आम्ही चौघं एका खोलीत, अंगावर घरातल्या सगळ्या रजया. त्या वादळात राज्यात 200हून जास्त माणसं गेली. त्यानंतर ग्रिडवर बरंच काम झालंय म्हणतात, तरी दर फेब्रुवारीत मी पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट आणून ठेवतेच.

गॅस, म्हणजे गाडीत पेट्रोल, भरण्याचा किस्सा मात्र माझाच. जर्सीत स्वतः गॅस भरायला 1949पासून कायद्याने बंदी. काच खाली करायची, कार्ड द्यायचं, बसून राहायचं. इथे पहिल्यांदा पंपावर गेले आणि सवयीने काच खाली करून बसले. पाच मिनिटांनी मागच्याने हॉर्न दिला. एक्केचाळिसाव्या वर्षी मला गॅस भरायला माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने शिकवलं.

आता इथलं सगळ्यात विचित्र काम: घराला पाणी घालणं. बागेला नाही, घराला! इकडची माती काळी, चिकण. पाऊस पडला की फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्याबरोबर घराचा पायाही हलतो. म्हणून उन्हाळ्यात घराच्या कडेने भोकांचा पाइप टाकून माती ओली ठेवावी लागते. पहिल्या वर्षी आम्ही हे हसण्यावारी नेलं आणि जिन्याच्या भिंतीला कर्णरेषेत भेग गेली. एक मात्र झालं, पुढच्या वसंतात घराची किंमत, जिच्यावर टॅक्स बसतो ती, सरकारी कागदावर वाढून आली तेव्हा 15 मेच्या मुदतीआधी हरकत घेतली आणि त्या भेगेचे फोटो जोडले. किंमत थोडी उतरवून मिळाली. जर्सीच्या घराला बेसमेंट होतं आणि त्यात पाणी शिरायचं. म्हणजे तिथे घरातून पाणी काढायचं, इथे घराला घालायचं.

शाळांबाबत तक्रार नाही, ना इथे ना तिथे. देवळंही दोन्हीकडे भरपूर.

माझ्या दृष्टीने खरा फरक सासूबाईंमुळे कळला. एडिसनला त्या संध्याकाळी एकट्या ओक ट्री रोडवर, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्यावर, जायच्या. कढीपत्ता घ्यायचा, ओळखीच्या दोन बायका भेटायच्या, तास-दीड तासाने परत. मलाही मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेन धरली की पाऊण-एक तासात न्यूयॉर्क गाठता यायचं. फ्रिस्कोत ट्रेन नाही, बस नाही, आणि जुलैत पारा शंभर फॅरनहाइटवर. फुटपाथ सुरेख आहेत, त्यांवर माणूस नाही. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, इथे पाय मोकळे करायलाही गाडी काढावी लागते!" मी पाइप सोडत होते. तो बघून म्हणाल्या, "आणि झाडं सुकलीत, तू भिंतींना काय पाणी घालतेस?"

तर खिशासाठी टेक्सासला चार तारे, जर्सीला अडीच. पायांसाठी जर्सीला साडेचार, टेक्सासला एक, तोही शेजारणीचा. सासूबाई पुढच्या वर्षी सहा महिने येताहेत. चार महिने दिरांकडे एडिसनला आणि दोन आमच्याकडे, असं त्यांनीच परस्पर ठरवलंय. ते दोनही ऑक्टोबरनंतरचे.